न्यायासनावरील कवी

यवतमाळचे भाऊसाहेब पाटणकर वकील. त्यांची शायरी श्रोत्यांपुढे बाजू मांडते आणि दाद घेऊनच खाली बसते. विदर्भाचेच कवी अनिल, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, हे काही काळ सबजज्ज होते. त्यांच्या ‘भग्नमूर्ती’त (१९४०) आम्हांस निकालपत्राचा सूर जाणवतो. संस्कृतीच्या पडझडीची मीमांसा इतकी लांबते की मूर्तीच नजरेआड होते. मुक्तछंदाची मोकळीक येथे महाग पडली, असे आमचे मत. रसिकांस ते कदाचित रुचणार नाही.

१९६१ साली पत्नी कुसुमावतीबाई निवर्तल्या. ‘दशपदी’त (१९७६) अनिलांनी दहा ओळींचे बंधन आपण होऊन पत्करले. तेथे दुःखाची साक्ष आहे, निवाडा नाही. साहित्य अकादमीने १९७७ साली गौरविला तो हाच संग्रह.