२७ टक्के, पण कशाचे? एमटीबीईवरचा १९९६ चा पेपर पुन्हा वाचताना

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी आरएसीसमोर मी एक स्लाइड दाखवली होती. 'अमेरिकेतल्या शहरी भूजलात २७ टक्के ठिकाणी एमटीबीई.' समितीतल्या एका मॅडमनी एवढंच विचारलं, "कशाच्या २७ टक्के?" मला सांगता येईना. आकडा मी एका रिव्ह्यूमधून उचलला होता, मूळ पेपर उघडलाच नव्हता. त्या रात्री उघडला. तेव्हापासून हा पेपर माझ्या टेबलावर आहे, आणि रिसर्चला येणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा चिकित्सेने वाचावा असं मला वाटतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. एमटीबीई म्हणजे मिथाइल टर्शरी ब्यूटाइल ईथर. १९७९ पासून अमेरिकेत ते पेट्रोलमध्ये शिशाच्या जागी ऑक्टेन वाढवायला वापरात आलं. १९९० च्या स्वच्छ हवा कायद्यातल्या दुरुस्त्यांमुळे प्रदूषित शहरांतल्या पेट्रोलमध्ये ठरावीक ऑक्सिजन असणं सक्तीचं झालं आणि वापर एकदम वाढला. हेतू हवा सुधारण्याचा होता. पण हे रसायन पाण्यात सहज विरघळतं, मातीला फारसं चिकटत नाही आणि जिवाणूंकडून हळू विघटित होतं. टाकी गळली की ते बेंझीनच्या पुढे धावतं. १९९६ मध्ये सांता मोनिका शहराला याचमुळे विहिरी बंद कराव्या लागल्या आणि जवळपास निम्मा पाणीपुरवठा गेला.

त्याच वर्षी पॉल स्क्विलास आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. अमेरिकन भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या जलगुणवत्ता कार्यक्रमात १९९३-९४ मध्ये घेतलेल्या नमुन्यांवर तो उभा आहे. आठ शहरी भागांतल्या २१० उथळ विहिरी आणि झऱ्यांपैकी २७ टक्क्यांत एमटीबीई सापडलं. शेतीच्या भागांत फक्त १.३ टक्के. (विहिरी म्हणजे आपल्याकडचे आड नव्हेत, बोअर समजा.) तपासलेल्या ६० बाष्पनशील रसायनांत शहरी भूजलात याचा नंबर दुसरा.

पेपरची मोठी ताकद म्हणजे नमुने. फक्त गळतीच्या जागा शोधून तिथलं पाणी काढलेलं नाही. सर्वसाधारण उथळ भूजल कसं आहे हे विचारलंय. असा प्रश्न विचारायला शिस्त लागते.

पण आता २७ फोडून बघू. २१० च्या २७ टक्के म्हणजे सुमारे ५७ नमुने. डेन्व्हरमध्ये हे प्रमाण ७९ टक्के होतं, न्यू इंग्लंडमध्ये ३७. याचा अर्थ उरलेल्या शहरांत ते २७ पेक्षा बरंच खाली असणार. एकच सरासरी देऊन 'शहरी अमेरिका' म्हणणं मला पटत नाही. शिवाय 'सापडलं' म्हणजे लिटरला ०.२ मायक्रोग्रॅम किंवा जास्त. २० च्या वर फक्त ३ टक्के नमुने होते. ईपीएने नंतर १९९७ मध्ये चव-वासासाठी जी सल्ला-पातळी दिली ती २० ते ४० ची. नोंदीची मर्यादा बदला, २७ लगेच बदलेल.

आणि इथेच हवा आत येते, जो मला या पेपरचा सगळ्यात रंजक भाग वाटतो. लेखक सांगतात की एमटीबीई बहुतेक वेळा बेंझीन-टोल्युईनसोबत सापडलं नाही, त्यामुळे ते टाकीतून आलं की पावसातून, हे नक्की सांगता येत नाही. तुम्ही स्वतः गणित करून बघा. हेन्रीचा स्थिरांक एककरहित रूपात २५ अंशांला सुमारे ०.०२. हवेत १ पीपीबी म्हणजे घनमीटरला ३.६ मायक्रोग्रॅम. त्याला ०.०२ ने भागलं की पाण्यात लिटरला साधारण ०.१८ मायक्रोग्रॅम. थंड पावसात स्थिरांक घटतो आणि हाच आकडा काही पटींनी वाढतो. म्हणजे शहरातल्या हवेत थोडं एमटीबीई असलं, तर हिवाळ्यातला पाऊसच ०.२ ची रेषा ओलांडू शकतो! (डेन्व्हरमध्ये हिवाळ्यातलं ऑक्सिजनयुक्त पेट्रोल १९८८ पासूनच सक्तीचं होतं.)

मात्र माझी तक्रारही इथेच आहे. बेंझीन नसणं हा टाकीविरुद्धचा पुरावा होत नाही, कारण एमटीबीई बेंझीनला मागे टाकून पुढे गेलेलं असू शकतं. लेखकांनी अनिश्चितता कबूल केली, पण निदान ०.२ ते १ आणि २० च्या वर असे गट पाडून स्वतंत्र चर्चा पुढे ठेवायला हवी होती. कारण दोन गटांवरचे उपाय वेगळे. टाक्यांचा दोष असेल तर टाक्या बदला. पावसाचा असेल तर नवीकोरी टाकी काय कामाची?

ही ढिलाई पुढे महागात पडली. १९९८ चा हॅपल यांचा लिव्हरमोर प्रयोगशाळेचा अहवाल कॅलिफोर्नियातल्या २३६ गळतीस्थळांपैकी ७८ टक्क्यांत एमटीबीई सांगतो. १९९९ चं ब्लू रिबन पॅनेल सांगतं की जास्त वापराच्या भागांतल्या ५ ते १० टक्के पिण्याच्या पाणीस्रोतांत ते आढळतं. २७, ७८, ५ ते १०: तिन्हींचे छेद वेगळे, पण चर्चेत ते एकापुढे एक रचले जातात, मीही रचले होते. दोष निव्वळ मूळ लेखकांचा म्हणता येणार नाही. त्यांनी शीर्षकातच 'प्राथमिक' लिहिलंय. उद्धृत करणाऱ्यांनी तो शब्द गाळला.

२००५ च्या ऊर्जा कायद्याने ऑक्सिजनची ती सक्ती काढली आणि इथेनॉलने जागा घेतली. आपल्याकडे आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, त्यातलं काही महाराष्ट्रातल्या उसाचं. इथेनॉल स्वतः लवकर विघटित होतं, पण होताना भूजलातला ऑक्सिजन खातं आणि बेंझीनचं विघटन मागे पडतं. कुणी आपल्या पंपांखालच्या भूजलाचे नमुने घेणार असेल, तर सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहा: विहिरी कशा निवडल्या, नोंदीची मर्यादा किती, आणि बेंझीन सोबत मोजलं की नाही. मॅडम विचारणारच आहेत.