गोलूला शोधणारी राजी

मे महिन्याच्या सुट्टीत, रविवारच्या मिस्सेनंतर, आमच्या धर्मग्रामातील एका मातेने मला बाजूला घेऊन एक प्रश्न विचारला. तिचा आठवीत जाणारा मुलगा पुण्याहून आलेल्या मावसभावाच्या संगणकावर दिवसभर एक खेळ खेळत बसला होता. ‘‘फादर, त्यात दुर्गादेवी एका मुलीच्या हातात त्रिशूळ देते आणि ती मुलगी राक्षस मारत सुटते. आमच्या पोराने ते खेळावे का? पुढच्या वर्षी त्याचा दृढीकरण संस्कार आहे.’’

असल्या प्रश्नाला चर्चच्या पायरीवर उभ्याउभ्या उत्तर देणे फार सोपे असते. ‘नको’ म्हटले की आई समाधानाने घरी जाते आणि मुलगा खेळ शेजाऱ्याकडे नेतो. मी म्हटले, आधी मला तो दाखवा. दोन संध्याकाळी मी त्या मुलाशेजारी बसून खेळ पाहिला, तिसऱ्या संध्याकाळी स्वतः हाती घेतला आणि पहिल्या पाच मिनिटांत राजीला तीनदा दरीत पाडले. मुलाने हसू आवरले, याबद्दल त्याचे कौतुक करावयास हवे. पुस्तक परीक्षणासाठी हाती घ्यावे आणि शेवटपर्यंत वाचावे, तसा हा खेळ मी शेवटपर्यंत पाहिला. त्याचे हे परीक्षण.

खेळाचे नाव ‘राजी : ॲन एन्शन्ट एपिक’. तो घडला पुण्यात. ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या संस्थेने तो केला. 2017 साली तिने लोकवर्गणीतून पैसे उभारण्याचा प्रयत्न केला, तो फसला. तरीही काम थांबले नाही आणि 2020 च्या ऑगस्टमध्ये खेळ प्रथम बाजारात आला. त्याच वर्षी पदार्पणाच्या उत्कृष्ट खेळांसाठी असलेल्या एका आंतरराष्ट्रीय पारितोषिकाच्या नामांकनात त्याचे नाव होते. पारितोषिक मिळाले नाही; परंतु असल्या खेळांची निर्मिती ज्यांची मिरासदारी समजली जाते त्या जपानी आणि अमेरिकी कंपन्यांच्या पंगतीला पुण्याचे पान मांडले गेले, ही गोष्ट लहान नव्हे.

कथा साधी आहे. राजी ही अनाथ मुलगी कसरती करून पोट भरते. तिचा धाकटा भाऊ गोलू कळसूत्री बाहुल्यांचे खेळ करतो. असुर पुन्हा पृथ्वीवर चालून येतात, मुलांना पळवून नेतात, त्यांत गोलूही जातो. राजी त्याच्या शोधात निघते. दुर्गा तिला त्रिशूळ देते, पुढे विष्णूचे धनुष्य मिळते, मग ढाल-तलवार. दुर्गा आणि विष्णू वरून हे सारे पाहत आपसात बोलत असतात. कथेचे निवेदन असे या दोघांच्या संवादातून होते. मधले काही प्रसंग बाहुल्यांच्या सावल्यांतून सांगितले आहेत, आणि ही कल्पना मला फार आवडली. हरवलेला भाऊ बाहुल्या नाचवणारा, आणि त्याच्या शोधाची कथा बाहुल्यांच्याच तोंडून!

डोळ्यांना मिळणारा आनंद या खेळात भरपूर आहे. राजस्थानी वाड्यांचे सज्जे, कमानी, जाळीच्या खिडक्या, चांदण्यातली पुष्करिणी. रंग पहाडी शैलीतील लघुचित्रांची आठवण करून देणारे. जागोजाग भित्तिचित्रे आहेत. त्यांच्यासमोर राजी उभी राहिली की निवेदक त्या चित्राची पौराणिक कथा सांगतो. काही ठिकाणी चकतीची तुटलेली वर्तुळे फिरवून जुळवावी लागतात. जुळली की राजी-गोलूच्या पूर्वायुष्यातले एखादे चित्र तयार होते. तेवढा वेळ हातातले शस्त्र खाली असते. मला सर्वांत जिवंत वाटला तो हाच भाग, आणि तो फारच थोडा आहे.

बाकी वेळ लढाई. या प्रकाराला इंग्रजीत ‘हॅक अँड स्लॅश’ म्हणतात. सरळ मराठीत कापाकापी. एखाद्या चौकात पोचावे, वाटा बंद व्हाव्यात, असुर उगवावेत, ते सारे संपल्यावर वाट उघडावी. राजी खांबाला धरून गरकन फिरते, भिंतीवर धावत जाऊन उलटी उडी घेते. कसरतपटू मुलीला शोभेल असेच तिचे युद्ध आहे, आणि पहिले चार-पाच चौक ते पाहताना मजा येते. सातव्या-आठव्या चौकात मात्र माझे लक्ष मागच्या भिंतीवरील नक्षीकडे जाऊ लागले. मुलाला विचारले, तर तोही म्हणाला की आता नुसती बोटेच चालतात.

त्या मातेच्या प्रश्नाचा पहिला अर्धा भाग आता निकाली काढतो. देवीचे काय? दिंडोरीवरून वणीला आणि पुढे सप्तशृंगी गडाकडे जाणारा रस्ता आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. चैत्रात आणि नवरात्रात यात्रेकरू आपल्या दारावरून जातात. त्यांना पाणी देताना आपला विश्वास धोक्यात आला असे आपल्याला कधी वाटलेले नाही. गडावरची देवी अठरा हातांची, महिषासुराच्या वधासाठी सर्व देवांनी तिला आपापली शस्त्रे दिली, ही कथा आपली मुले शाळेतल्या मित्रांकडून ऐकतच वाढतात. ‘राजी’तील दुर्गा त्याच कथेतली, फरक इतकाच की देवांकडून शस्त्रे घेणारी येथे एका रस्त्यावरच्या मुलीला शस्त्र देते. खेळ कोणाला पूजा करावयास लावत नाही. कथा सांगतो. शेजाऱ्याची कथा आदराने ऐकणे हे श्रद्धेला बाधक नाही, असे व्हॅटिकन परिषदेने 1965 च्या ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रातून आपल्याला शिकवले आहे. आणि पुराणाच्या साच्याला तर आपण मराठी ख्रिस्ती लोकांनी भ्यावयाचे कारणच नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 साली त्याच साच्यात, ओवीत, ख्रिस्तचरित्र ओतले.

शस्त्राचेही तेच. आपल्या मंदिरांत मुख्य देवदूत मिखाएल तलवार उगारून उभा असतो, संत जॉर्ज अजगराला भाल्याने भोसकतो. गोफण घेतलेल्या दाविदाची गोष्ट आपण मुलांना बालपणीच सांगतो आणि गल्याथ पडला की मुले टाळ्या पिटतात. तेव्हा दुसऱ्याच्या त्रिशूळाकडे बोट दाखवताना आपण जरा जपून असावे.

खरी अपवित्रता कशी असते हे पाहावयाचे असेल तर आपल्याच घरच्या सामग्रीवर रचलेला एक खेळ पाहावा. 2010 साली अमेरिकेतील ‘व्हिसरल गेम्स’ने ‘दान्तेज इन्फर्नो’ नावाचा खेळ काढला. महाकवी दान्तेने नरकाची यात्रा केली ती निःशस्त्र, व्हर्जिलचा हात धरून. वाटेत तो रडतो, करुणेने मूर्च्छित होतो. (शेवटी बर्फात गाडलेल्या एका देशद्रोह्याचे केस उपटतो खरा, त्याच्या हातून घडलेला हिंसाचार बहुतेक एवढाच.) खेळातला दान्ते धर्मयोद्धा आहे. त्याने छातीच्या कातडीवर क्रूसाचे कापड शिवून घेतले आहे, हातात मृत्यूचा कोयता आहे, आणि दुसऱ्या हातातला पवित्र क्रूस तो बंदुकीसारखा वापरतो. खेळाचा बोलबाला व्हावा म्हणून 2009 मध्ये लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनाबाहेर फलक घेतलेले ‘संतप्त ख्रिस्ती’ उभे करण्यात आले. ते पैसे देऊन आणलेले होते, हे कंपनीने मागाहून कबूल केले. आपला संतापसुद्धा भाड्याने मिळतो!

त्या खेळात स्नानसंस्काराविना मेलेली अर्भके हाताच्या जागी पाती घेऊन अंगावर धावून येतात आणि खेळणाऱ्याने त्यांना छाटावयाचे असते. दान्तेच्या काव्यात ही बालके कोणतीही यातना न भोगता फक्त उसासे टाकतात. अशा बालकांच्या तारणाविषयी आशा बाळगण्यास सबळ कारणे आहेत, असे आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने 2007 साली प्रसिद्ध केलेल्या निवेदनात म्हटले आहे. ज्या घरांत असे मूल गेले आहे त्या घरांत मी बसलो आहे. त्यामुळे या ठिकाणी कलास्वातंत्र्याचा युक्तिवाद ऐकण्याची माझी तयारी नाही. त्याच खेळात नरकातल्या आत्म्यांना ‘शिक्षा’ द्यावी की ‘पापक्षमा’, हेही खेळणारा ठरवतो. क्षमा केली की गुण मिळतात आणि गुणांतून नवी शक्ती. पश्चात्ताप नाही, निवेदन नाही, प्रायश्चित्त नाही. गुंड्या वेळेवर दाबल्या की पापमुक्ती.

त्यामानाने ‘राजी’चे कर्ते किती संयमी! त्यांच्यावर ज्याचा प्रभाव दिसतो त्या ‘गॉड ऑफ वॉर’ या 2005 पासूनच्या अमेरिकी खेळमालिकेत नायक ग्रीक देवांनाच एकामागून एक ठार करतो. ग्रीक देवांना आज शेजारी उरलेला नाही, म्हणून ते खपते. पुण्याच्या मंडळींना ठाऊक आहे की आपल्या कथेतले देव पलीकडच्या आळीत पूजले जातात. त्यांनी कोणाचीही विटंबना केलेली नाही आणि गुणांसाठी कोणतीही पवित्र वस्तू विकलेली नाही.

मग माझी तक्रार कशाबद्दल आहे? असुरांबद्दल. सप्तशृंगी गडाच्या पायऱ्या जेथे सुरू होतात तेथे महिषासुराचे, रेड्याचे, पाषाणशीर आहे. देवीकडे जाणारे भाविक तेथेही थांबतात. मारला गेलेला शत्रूदेखील त्या डोंगराच्या कथेत एक जागा मिळवून बसला आहे. मिल्टनचा सैतान आपल्या लक्षात राहतो, रामकथेतला रावण राहतो, गल्याथचीही उंची शास्त्रकाराने नोंदवून ठेवली आहे. ‘राजी’तील चौकाचौकांत उगवणाऱ्या असुरांना मात्र असे काहीच नाही. ते का लढतात, पळवलेल्या मुलांचे काय करतात, एखाद्या क्षणी तरी त्यांना भीती वाटते का, याचा विचार करण्यास खेळ सवड देत नाही. ते येतात, कापले जातात, नाहीसे होतात. परिणाम असा की राजीचे शौर्यही हळूहळू पातळ होते. ज्या मुलीच्या दुःखाने कथा सुरू झाली ती मध्यावर आल्यावर केवळ चपळ उरते. भित्तिचित्रांसमोर जी कथा बोलते, ती चौकात गप्प होते.

हा दोष एकट्या ‘राजी’चा नाही, या प्रकाराचाच आहे. पण जिच्या दाराशी पुराणांचा एवढा साठा होता, त्या कलाकृतीकडून अधिक मागणे अन्यायाचे ठरू नये. भाषेबद्दलही थोडी खंत आहे. पात्रे आधी इंग्रजीत बोलत. 2022 च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आली आणि कानांना बरे वाटले. पुण्यात जन्मलेली राजी मराठीत भावाला हाक मारत नाही.

खेळणे म्हणजे वेळेचा अपव्यय, असे मानणाऱ्या पालकांसाठी संत थॉमस अक्वायनस यांनी पूर्वीच्या मठवासीयांची एक कथा ‘सुम्मा’मध्ये नमूद केली आहे. शिष्यांसह विरंगुळ्यात रमलेल्या संत योहानाला पाहून कोणी नाराज झाले. त्यांच्यातल्या एकाजवळ धनुष्य होते. योहानाने त्याला बाण सोडावयास सांगितले, पुन्हा सांगितले, आणि सतत सोडत राहशील का असे विचारले. तो म्हणाला, तसे केले तर धनुष्य मोडेल. मनाचेही तसेच, असे योहानाने उत्तर दिले. द्राक्षबागेत आणि परीक्षेच्या अभ्यासात वर्षभर ताणलेल्या मुलाने सुट्टीत दोरी सैल करावी. पण दिवसभर राक्षस मारीत बसणे म्हणजे दोरी सैल करणे नव्हे, ते सतत बाण सोडत राहणेच झाले.

म्हणून त्या मातेला मी सांगितले की खेळू द्या, संध्याकाळचा एक तास, आणि पहिल्या दिवशी तुम्हीही शेजारी बसा. त्या बसल्या. भित्तिचित्रांतल्या दोन कथा त्यांना मुलापेक्षा अधिक नीट ठाऊक होत्या, असे मला नंतर कळले, माहेर वणीचे.

सराईत खेळाडू हा खेळ पाचएक तासांत संपवतो. शेवट मात्र अकस्मात येतो. एवढ्या वाटचालीनंतर पडदा मधेच पाडल्यासारखा. आमच्या मुलाला तीन आठवडे लागले. तो संगणक मिटवत म्हणाला, ‘‘फादर, हे अर्धंच ठेवलंय.’’ परीक्षक या नात्याने त्याच्या मतात मला बदल करण्यासारखे काही आढळले नाही.