वीरगळाची चौथी चौकट

बनशंकरीहून फारसे दूर नसलेल्या बेगूर येथे नागेश्वराचे प्राचीन देवालय आहे. तेथील सुमारे ८९० सालच्या वीरगळावर ‘बेंगळूरु’ हे नाव आढळते, ते एका लढाईच्या निमित्ताने. त्या लढाईत पडलेला बुट्टणसेट्टी हा राजा नव्हे, सेनापती नव्हे. नागत्तर नामक अधिकाऱ्याच्या पदरचा तो माणूस. वीरगळ हा शब्दही मूळचा कानडी. ‘कल्लु’ म्हणजे दगड. या शिल्पाची घडण बहुधा ठरलेली असते : खाली रणप्रसंग, मध्ये अप्सरांसह स्वर्गारोहण, वर शिवपूजा. जिवंत परत आलेल्या शिपायाला मात्र तीत चौकट नाही. आपले युद्धविषयक साहित्यही याच घडणीत अडकले आहे काय, असा प्रश्न पडतो.

गुलेरींची ‘उसने कहा था’ (१९१५) ही हिंदी कथा घ्या. लहनासिंह दिलेल्या शब्दासाठी मरतो आणि अखेरीस वर्तमानपत्रातील मृतांच्या यादीची एक कोरडी ओळ तेवढी उरते. त्या ओळीचे तोकडेपण गुलेरींनी अचूक जाणले आहे. तथापि नायकाच्या मृत्यूने कथा एका अवघड प्रश्नातून सुटते : लहनासिंह गावी परतला असता, तर त्याचे काय झाले असते?

मुल्कराज आनंद यांनी तो प्रश्न टाळला नाही. त्यांच्या इंग्रजी कादंबरीत्रयीतील लालू फ्रान्सच्या आघाडीवर लढतो, जर्मनांच्या कैदेत पडतो आणि ‘द सोर्ड अँड द सिकल’मध्ये (१९४२) घरी परततो, तेव्हा घर विस्कटलेले असते, जमीन गेलेली असते. येथे चौथी चौकट कोरण्यास आरंभ होतो. परंतु लवकरच किसान चळवळीचा आवाज चढतो आणि लालूच्या मनातील खंदक मागे पडतात. शिपाई सिद्धान्ताच्या कामी येतो, ही या कृतीची मर्यादा होय.

शिपाई निरक्षर होता, म्हणून त्याचे साहित्य नाही, हा युक्तिवाद पटण्यासारखा नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधून हिंदी शिपायांनी असंख्य पत्रे लिहिली वा लिहवून घेतली. लष्करी तपासनिसांनी त्यांतील उतारे इंग्रजीत आणले. ते लंडनमध्ये जपलेले आहेत. मूळ पत्रे बहुतांशी हरपली. भाषांतरकाराला याहून विषण्ण करणारी गोष्ट कोणती? शिपायाचे वाक्य गेले आणि त्याच्यावर पाळत ठेवणाऱ्याने केलेले भाषांतर तेवढे उरले.

मराठीपुरते पाहू. यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडले. माणगावला त्यांचा पुतळा आहे. नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी जखमी सहकाऱ्यांना गोळीबारातून वाहून आणले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस लाभला. पण जाधव त्यानंतर एकोणचाळीस वर्षे, १९८४ पर्यंत, जगले. पराक्रमाचा तो एक दिवस मानपत्रात नोंदला गेला. ती एकोणचाळीस वर्षे मानपत्राच्या कक्षेबाहेरची आहेत. मग ज्यांना पदक नाही, अशा हजारोंच्या पेन्शनीच्या, शेतीच्या आणि मौनाच्या वर्षांची कथा काय?

पोवाडा ती गाणार नाही. तो त्याचा धर्म नव्हे. ते काम कादंबरीचे आहे. मृताला दगड पुरतो. परतलेल्याला गद्य लागते.