शब्द न कळता ऐकलेलं रॉक

आयोजकांनी पत्रिकेवर विषय छापलाय, ‘क्लासिक रॉकचे चाहते’. माझ्या वयाकडे बघून त्यांना वाटलं असणार की म्हातारा आठवणी सांगेल, दोन गाणी लावेल, आपण चहा पिऊ. आठवणी येतीलच, पण मला या शीर्षकातल्या दोन शब्दांबद्दल बोलायचंय. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे शब्द दिसला की तो उलटा करून खालचं लेबल वाचायची खोड लागलीय.

पहिला शब्द ‘क्लासिक’. मराठीत आपण त्याला ‘अभिजात’ म्हणून मोकळे होतो. म्हणजे भीमसेन जोशी अभिजात आणि डीप पर्पलही अभिजात, असा हिशेब होतो. पण हे नाव वादकांनी दिलेलं नाही आणि संगीताच्या अभ्यासकांनीही नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या एफएम रेडिओ स्टेशनांनी कार्यक्रमाचा एक साचा काढला, त्याचं हे नाव. साठ-सत्तरच्या दशकांत जी मुलं कॉलेजात होती, ती तोवर कमावती झाली होती. गाडी घेणार होती, विमा काढणार होती. जाहिरातदारांना तीच हवी होती. मग त्यांच्या तरुणपणातली ठरावीक गाणी फिरवून फिरवून वाजवायची. डेव्हिड ह्यूमने १७५७ साली अभिरुचीवर निबंध लिहिला. त्यात तो म्हणतो, त्याचा आशय सांगतो, की दोन हजार वर्षांपूर्वी अथेन्स-रोममध्ये आवडलेला होमर आजही लंडन-पॅरिसमध्ये आवडतो, आणि हीच काळाची कसोटी. आता, रेडिओवाल्यांची कसोटी पंधरा वर्षांची होती आणि परीक्षक जाहिरातदार होता. म्हणून ती गाणी वाईट ठरतात का? अजिबात नाही. पण ‘क्लासिक’ हा शिक्का बघून कुणी मान डोलावू नये, एवढंच.

आमच्यापर्यंत हा शिक्का पोचलाच नव्हता, कारण तो तयारच व्हायचा होता. मी याच गावचा. माझ्या लहानपणी कुरुळी म्हणजे ज्वारी, कांदा, आणि नाशिक रस्त्यावरून जाणारी एसटी. चाकणचा बाजार कांद्यासाठी प्रसिद्ध होता, मोटारींसाठी नव्हे. तिकडे पिंपरीला कारखाने उभे राहिले होते. माझा आत्तेभाऊ तिथे फिटर म्हणून लागला, आणि त्याने बोनसच्या पैशांतून रेकॉर्ड प्लेअर घेतला. आत्याला वाटलं, आता घरात नाट्यगीतं वाजणार. वाजलीही. पण कारखान्यात त्याच्यासोबत एक गोवेकर मित्र होता, त्याच्याकडून रेकॉर्डी यायच्या. त्या दोन दिवसांच्या बोलीवर यायच्या, तिसऱ्या दिवशी परत. त्या दोन दिवसांत आम्ही पाच-सहा पोरं एकेक बाजू इतक्या वेळा ऐकायचो, की सुई कुठे खरखरते तेही पाठ व्हायचं. कित्येक वर्षांनी तेच गाणं स्वच्छ ऐकलं तेव्हा ती खरखर नसल्यामुळे मला चुकल्यासारखं वाटलं.

बाकी साधनं तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना माहीत आहेत. रेडिओ सिलोन. कलकत्त्याहून निघणारं ‘ज्युनियर स्टेट्समन’, १९६७ ते १९७७, त्यातली चित्रं. आणि मुंबईला गेलं तर काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस. ते १९४८ला सुरू झालं आणि २०१६ला बंद पडलं. पुण्यात कॅम्पात एक दुकान होतं, नाव घेत नाही. तिथल्या गृहस्थांनी मला विचारलं, ‘फॉर हूम?’ कुणासाठी न्यायला आलास? पायजम्यातला मुलगा ही रेकॉर्ड स्वतःसाठी मागतोय, हे त्यांच्या डोक्यात बसेना. यावर मी पुढे येतो, कारण तो प्रश्न मला अजून चांगला वाटतो.

आता मुख्य मुद्दा. आम्हाला शब्द कळत नव्हते. शाळेतलं इंग्रजी व्याकरणाचं, आणि हे गाणारे लोक तोंडात गोटी धरून गायचे. मग आम्ही ऐकत काय होतो?

एक उदाहरण सविस्तर घेतो. डीप पर्पलचं ‘चाइल्ड इन टाइम’, १९७०च्या ‘डीप पर्पल इन रॉक’मधलं, सुमारे दहा मिनिटांचं. सुरुवातीला जॉन लॉर्डचा ऑर्गन. भजनात पेटीवाला सूर भरतो तसा वाटला, म्हणून घरात कुणी ‘बंद कर’ म्हटलं नाही. (हशा) मग इयन गिलन हळू आवाजात थोडेसेच शब्द गातो. आणि मग शब्द संपतात. नुसता स्वर उरतो. आधी मिटल्या ओठांसारखा ऊकार, मग आकार, तो वर चढतो, आणखी वर चढतो, शेवटी किंकाळी होते. आम्हा पोरांना वाटलं, हा आलापच की! आळंदीला हरिपाठ ऐकलेला, कीर्तन ऐकलेलं, शब्द सोडून स्वराने पुढे जाणं आमच्या कानाला नवीन नव्हतं.

तो आलाप होता का? समीक्षा इथे सुरू होते. आलापात एक स्वर दुसऱ्याकडे जाताना राग उलगडतो. प्रत्येक पायरीवर काहीतरी नवं कळतं, की अच्छा, या गंधाराकडे असंही जाता येतं. गिलन तसं करत नाही. तो तोच आकार उचलतो आणि वर नेऊन ठेवतो, मग आणखी वर. ज्ञान वाढत नाही, ताण वाढतो. खाली साथ तीच, त्याच स्वरांभोवती घुटमळणारी. हे रागविस्ताराचं तर्कशास्त्र नाही, हे गजराचं आहे. दिंडीत लय वाढत जाते, शब्द तेच दोन, पखवाज तापतो, आणि एका क्षणी सगळे थांबतात. ‘चाइल्ड इन टाइम’मध्येही रिची ब्लॅकमोरची गिटार धावत सुटते आणि कडेलोटावर येऊन अचानक थांबते. पुन्हा तोच शांत ऑर्गन. त्या थांबण्याला आम्ही न ठरवता ‘वाह’ म्हणायचो. समेची सवय असलेला कान होता आमचा.

फरकही सांगतो, नाहीतर म्हणाल की सरांनी सगळ्या जगाला वारकरी केलं. रॉकचा जोर बहुतेक वेळा दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो, आणि आपला हात पहिलीला जातो. आम्ही मांडीवर ठेका धरला की तो ड्रमच्या बरोब्बर मध्ये पडायचा. गजर समूहाचा असतो, त्यात श्रोता नावाचा माणूसच नसतो. इथे एक जण किंचाळतो आणि बाकीचे बघतात. हा फरक मोठा आहे.

आणि गंमत ऐका. या गाण्याची मूळ धून डीप पर्पलची नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘इट्स अ ब्यूटिफुल डे’ या बँडची १९६९ची एक रचना होती, व्हायोलिनची, जलद. ती यांनी संथ केली. त्या रचनेचं नाव ‘बॉम्बे कॉलिंग’! मुंबई हाक मारतेय, आणि ती हाक कॅलिफोर्नियाहून लंडनला जाऊन कुरुळीत ऐकू येतेय. त्या रचनेत मुंबई किती आहे असं विचाराल, तर नावापुरती.

दुसरा शब्द ‘चाहता’. थिओडोर अडोर्नो या जर्मन तत्त्ववेत्त्याने १९४१ साली लोकप्रिय संगीतावर लेख लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: या संगीताचे भाग यंत्राच्या सुट्या भागांसारखे असतात, एक काढून दुसरा बसवा, काही बिघडत नाही. ऐकायचं कसं हेही त्या गाण्यातच आधी चघळून दिलेलं असतं. आणि चाहत्याला आवड आपली स्वतःची वाटते, पण ती त्याला विकलेली असते. चाकणच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला सुट्या भागांची उपमा समजावून सांगायला नको.

अडोर्नो कुठे बरोबर? १९७०-७१ला ‘सिमला बीट’ नावाची स्पर्धा झाली, देशभरातले बँड आले, त्यांच्या रेकॉर्डीही निघाल्या. आज संग्राहक त्यांच्यासाठी जीव टाकतात. सिमला हा सिगरेटचा ब्रँड होता! आपल्याकडच्या रॉकचा पहिला मोठा दस्तऐवज ही सिगरेटची जाहिरात आहे. पण तो कमी पडतो तो आमच्या आत्याच्या ओटीवर. आम्हाला कुणी काही विकतच नव्हतं. प्लेअर सोडला तर आम्ही काही विकत घेऊ शकत नव्हतो. चघळून द्यायला शब्द लागतात, मुलाखती लागतात, जाहिराती लागतात. आमच्याकडे नुसता आवाज पोचला होता. आणि सुटा भाग बदलायचाच म्हटलं, तर ‘चाइल्ड इन टाइम’मधला तो थांबा काढून दाखवा. गाणं कोसळतं. तेव्हा आम्ही ‘चाहते’ होतो की ‘रसिक’? रसिक कृतीवर बोलतो, चाहता कलावंतावर. आम्हाला कलावंताची चेहरेपट्टीही धड माहीत नव्हती. नाइलाजाने रसिक झालो, असं म्हणा.

पण हा नाइलाज मी सोन्याचा करून सांगणार नाही. त्याची किंमत होती, आणि आज मला मुख्यतः त्याबद्दल बोलायचंय.

लेड झेपेलिनची दुसरी रेकॉर्ड १९६९ची. तिच्यातलं पहिलंच गाणं ‘होल लॉटा लव्ह’. गीतकार म्हणून बँडच्या लोकांची नावं. १९८५ मध्ये विली डिक्सन या शिकागोच्या काळ्या गीतकाराने दावा लावला, की यातला भाग माझ्या ‘यू नीड लव्ह’मधून घेतलाय. ते गाणं मडी वॉटर्सने १९६२ला गायलं होतं. १९८७ मध्ये तडजोड झाली. त्याच मडी वॉटर्सच्या एका गाण्यावरून रोलिंग स्टोन्सनी आपलं नाव घेतलं. म्हणजे ज्याला आम्ही विलायती म्हणून कान टवकारत होतो, त्याचा पाया मिसिसिपीतून शिकागोत मजुरीसाठी आलेल्या काळ्या माणसांनी घातला होता. कव्हरवर ते छापलेलं नव्हतं.

आता त्याच वर्षांत मराठीत काय चाललं होतं? अमेरिकेत शिकून आलेले म. ना. वानखेडे काळ्या लेखकांच्या साहित्याकडे लक्ष वेधत होते. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली: नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार. नाव घेतलं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. आणि १९७२ मध्येच जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले, इथल्या वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण केलं, कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ क्लबात वाजवलं. एक शहर, एक वर्ष. एकीकडे काळ्या अमेरिकेचा शब्द पोचतोय, दुसरीकडे काळ्या अमेरिकेचा सूर पोचतोय. दोघांची गाठ पडत नाही. कामाठीपुरा आणि कुलाबा यांत अंतर ते किती! पण सूर इंग्रजी माध्यमातून आला, तो कॅम्पात, कुलाब्यात, वांद्र्यात राहिला. शब्द मराठीतून आला, तो वस्तीत गेला. १९७१ला मावळात मळवलीला ‘स्नेहयात्रा’ नावाचा मोठा रॉक मेळा झाला, त्याला भारताचं वुडस्टॉक म्हणतात. पण आसपासच्या गावांना तो आपला कधी वाटला नाही.

‘फॉर हूम?’ हा प्रश्न म्हणून मला चांगला वाटतो. त्या दुकानदाराला उत्तर माहीत होतं असं नाही, पण प्रश्न नेमका होता. आपल्याकडच्या रॉकबद्दल जे लिहिलं जातं ते बहुतेक आतल्यांनी लिहिलेलं असतं, प्रेमाने लिहिलेलं असतं, आणि त्यात हा प्रश्न क्वचितच येतो. पाचगणीच्या शाळेत १९५०च्या दशकात शिकलेला फारुख बलसारा, पुढचा फ्रेडी मर्क्युरी, त्याचा अभिमान बाळगायचा तर जरूर बाळगा. ‘द हेक्टिक्स’ हा त्याचा शाळेतला बँड सातारा जिल्ह्यातच वाजला. पण भिंतीपलीकडच्या गावाने तो ऐकला का, हेही विचारा.

एक माणूस मात्र दोन्हीकडे होता, अरुण कोलटकर. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी इंग्रजीत गाणी लिहिली, ती रेकॉर्ड करून पाहिली. पुढे पखवाजही शिकले. ती गाणी २००९ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, अरविंद कृष्ण मेहरोत्रांनी संपादित केलेल्या ‘द बोटराइड अँड अदर पोएम्स’मध्ये आली. ती फार थोर आहेत असं मी म्हणणार नाही. कोलटकरांच्या कवितेपुढे ती हलकीच आहेत. पण तुकोबा आणि ब्लूज या दोन्हींत गरीब माणूस देवाशी किंवा मालकाशी आडवं बोलतो, हे त्यांना ऐकू आलं होतं. ‘जेजुरी’तला तो कोरडा, तिरका स्वर मला या ऐकण्याशी जोडलेला वाटतो. सिद्ध करा म्हणाल तर करता येणार नाही, वाचून बघा.

माझ्या वयाचे मित्र म्हणतात, आमच्यानंतर संगीत संपलं, आता नुसता गोंगाट. हे आमच्या वडिलांनी आमच्याबद्दल म्हटलेलं वाक्य आहे, शब्दसुद्धा बदललेले नाहीत. ‘अभंग रिपोस्ट’ची मुलं तुकोबा गिटारवर गातात. काही ठिकाणी मला ते आवडत नाही, गिटार फार गोड होते, ताण येतच नाही. पण त्यांच्यात एक झालंय: शब्द आणि सूर एकाच तोंडात आलेत. ते ऐकायला इथली कंपनीतली पोरं रात्रपाळी बदलून जातात, मला माहितीय, त्यातला एक माझा नातू आहे.

बोलणं पुरे. आता दोन रेकॉर्डिंग लावतो. आधी मडी वॉटर्स, १९६२. लगेच झेपेलिन, १९६९. मध्ये मी काही बोलणार नाही. पहिल्यात ठेका कुठे पडतो आणि दुसऱ्यात गिटारने तो कुठे सरकवलाय, एवढं मांडीवर हात ठेवून बघा. मग प्रश्न घेऊ. पंखा जरा बंद करता का कुणी, खालचा सूर ऐकू येणार नाही.