‘स्वयंनिर्णय’ आणि ‘मान्यता’ : २०१९ च्या अधिनियमाच्या शब्दरचनेविषयी

राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवर न्या. राधाकृष्णन व न्या. सिक्री यांनी १५ एप्रिल २०१४ रोजी दिलेल्या निकालाचा गाभा स्वयंनिर्णय हा होय. आपण पुरुष, स्त्री की तृतीयपंथी, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे (हे लिहितानाही मराठी व्याकरण लिंग मागतेच); त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणे न्यायालयाने अनैतिक व बेकायदेशीर ठरविले.

संसदेने २०१९ मध्ये संमत केलेला अधिनियम या निकालाचीच परिणती मानला गेला. परंतु त्याच्या मूळ पाठातील कलम ४ बारकाईने वाचावे. पहिल्या पोटकलमान्वये अधिनियमाच्या तरतुदींनुसार मान्यता मिळण्याचा हक्क. दुसऱ्यान्वये, अशी मान्यता मिळालेल्या व्यक्तीस स्वतः जाणलेल्या लिंगओळखीचा हक्क. म्हणजे क्रमच उलटला. निकालात ओळख आधी, मान्यता मागाहून. येथे मान्यता आधी, आणि ती जिल्हादंडाधिकाऱ्याच्या हाती. २०२० च्या नियमांनी पहिल्या प्रमाणपत्रासाठी शारीरिक तपासणी वगळली, हे नमूद करणे न्याय्य होईल. तथापि स्त्री वा पुरुष अशी नोंद हवी असल्यास कलम ७ ने शस्त्रक्रियेनंतरचा वैद्यकीय दाखला मागितलाच.

समतेच्या दृष्टीने कलम १८ अधिकच खटकते. शाब्दिक छळ व लैंगिक अत्याचार तेथे एकाच पोटकलमात बसविले असून कमाल शिक्षा दोन वर्षे आहे. अधिनियम संमत झाला त्या वेळी स्त्रीवरील बलात्कारास भारतीय दंडसंहितेत किमान शिक्षा दहा वर्षांची होती.