वर जाणारी हवा, खाली येणारा उजेड

कडा गावाकडच्या जुन्या माळवदाच्या घरांत चुलीच्या वर साणं असायचं. पांढऱ्या मातीच्या जाड छपरातली ती मोकळी जागा धूर बाहेर घालवी आणि त्याच वाटेनं उजेड आत घेई. दादरचं पोर्तुगीज चर्च मला उमगलं ते या साण्यामुळे.

नाव पोर्तुगीज, वास्तू मात्र वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची. अवर लेडी ऑफ साल्व्हेशनचं, म्हणजे याच चर्चचं, पहिलं मंदिर फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी १५९६ मध्ये उभारलं. आजची इमारत १९७४ ते ७७ मधली. रस्त्यावरून पाहिलं तर नेहमीचं चर्च वाटतच नाही. काँक्रीटची उंच कवचं तेवढी छपरावर उठलेली दिसतात.

नेहमीचं चर्च म्हणजे एक लांबट दालन. दारात पाऊल टाकलं की नजर थेट वेदीवर. कोरियांनी ते दालनच मोडलं. त्यांनी एकमेकींत गुंफलेल्या जागा केल्या, काही छपराखालच्या, काही उघड्या आभाळाखालच्या. ख्रिस्ताच्या जीवनाचे टप्पे या मांडणीच्या मुळाशी आहेत. आणि उघडे चौक मला शोभेचे वाटत नाहीत. ख्रिस्ताचा उपदेश डोंगरावर, तळ्याकाठी झाला. हा धर्म आशियातच जन्मला. शिवाय दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, लोकभाषेत आली, धर्मगुरू भाविकांकडे तोंड करून उभे राहू लागले. या जवळिकीला जुनं लांबट दालन अपुरंच पडलं असतं.

खरी करामत कवचांत आहे. मुख्य जागांवरची ही कवचं वर निमुळती होत जातात. गर्दीनं तापलेली हवा हलकी होऊन त्यांत चढते, माथ्यावरून निसटते. तिच्या जागी चौकांतली हवा आत ओढली जाते. मुंबईच्या दमट उकाड्यात वारा हलता राहणं हीच मोठी सोय. आणि साण्यासारखाच त्याच वाटेनं उजेड खाली उतरतो; तिथल्या काचेवरचं रंगकाम चित्रकार एम. एफ. हुसेन यांचं.

अहमदाबादच्या गांधी संग्रहालयात (१९६३) कोरियांनी छप्पर आणि चौक असेच विणले होते. तिथली बुटकी, सारखी छपरं अधिक शांत आहेत, हे मान्यच. पण माणसांनी भरलेली जागा कशी श्वास घेते, ते दादरलाच कळतं. मला तर कवचांहूनही हे चौक मोलाचे वाटतात. इंचाइंचाला भाव असलेल्या दादरात एका धर्मग्रामानं (पॅरिशनं) एवढं आभाळ न झाकता ठेवलं, आणि मिस्सा सुटल्यावर थेट रस्त्यावर न जाता माणसांना घडीभर बोलत उभं राहायला जागा मिळाली.