प्रशस्तीतला गौतमीपुत्र आणि कखडीचे पडीक शेत

नाशिकच्या पांडवलेण्यांतील तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत गौतमीपुत्र सातकर्णी एकाहून अधिक वेळा भेटतो. पण त्याच्यावर लिहिणारे बहुतेकजण एकाच भेटीवर समाधान मानतात. ती भेट म्हणजे त्याची आई गौतमी बलश्री हिने नातू पुळुमावीच्या राज्याच्या १९व्या वर्षी कोरवलेली प्राकृत प्रशस्ती. क्षहरातांचा निर्वंश करणारा, शक-यवन-पल्हवांना नमवणारा, ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले असा हा राजा. आपल्याकडची लोकप्रिय चरित्रे म्हणजे या विशेषणांचा विस्तारच. भरीला शालिवाहन शकाची स्थापनाही त्याच्या नावावर घातली जाते. लेखांत मात्र राज्यवर्षांखेरीज दुसरी कालगणना नाही.

प्रशस्ती पोकळ आहे असे मला म्हणायचे नाही. १९०६ साली जोगलटेंभीला नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला आहे. विजयाचा याहून रोखठोक पुरावा कोणता? पण विजयानंतर काय झाले, हे आईच्या लेखात शोधून सापडणार नाही. त्यासाठी त्याच ओसरीतल्या दोन आज्ञा वाचाव्या लागतात.

राज्यवर्ष १८. राजा सैन्याच्या छावणीतून गोवर्धनच्या अमात्याला कळवतो, की पश्चिम कखडी गावातले, पूर्वी उषवदाताकडे असलेले २०० निवर्तने शेत त्रिरश्मीच्या भिक्षूंना द्यावे. उषवदात हा नहपानाचा जावई; त्याचे दहावे लेणे इथून हाकेच्या अंतरावर आहे. सहा वर्षांनी, २४व्या वर्षी, दुसरी आज्ञा निघते. दिलेले शेत कोणी कसत नाही आणि गावही वसत नाही. तेव्हा नगराच्या सीमेवरील राजाच्या मालकीच्या शेतातून १०० निवर्तने द्यावीत. त्यात सैनिकांनी शिरू नये, मिठासाठी कोणी खणू नये.

गाव का उठले, हे लेख सांगत नाही. माझा तर्क युद्धाकडे जातो, कारण ही जमीन नुकतीच एका सत्तेकडून दुसरीकडे गेली होती. तर्क बाजूला ठेवला तरी आपले दान फसले हे मान्य करून ते दगडावर कोरू देणारा राजा मला तीन समुद्रांच्या स्वामीपेक्षा अधिक खरा वाटतो. आमच्या चरित्रकारांना मात्र ही १०० निवर्तने दिसत नाहीत. घोडे तेवढे दिसतात.

आणखी एक. या दुसऱ्या आज्ञेत राजाबरोबर राजमाताही आहे, आणि अभ्यासक ती बलश्रीच मानतात. म्हणजे कखडीचे शेत पडीक पडल्याचे तिला ठाऊक होते. पुढे प्रशस्ती लिहवताना तिने ते वगळले.